टक्का घसरला, बिल नाही

‘खिशातून होणारा आरोग्यखर्च ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला.’ हे वाक्य तुमच्या नजरेखालून गेलंय. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या मित्राच्या नोट्समध्ये ते पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं असतं, बजेटच्या आठवड्यात टीव्हीच्या खालच्या पट्टीत ते सरकत जातं, एखाद्या रीलमध्ये खाली जाणारा हिरवा बाण दिसतो. आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी वडिलांच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायची लिंक फिरत असते. अशी लिंक आली नाही असं एकही सेमिस्टर मला तरी आठवत नाही.

मग खरं काय, बाण की लिंक?

दोन्ही. आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे बघायला फार मोठं गणित लागत नाही. बारावी कॉमर्स पुरे. आर्ट्सवाल्यांनीही घाबरायचं कारण नाही, मी स्वतः मास कॉमची आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते. केंद्र सरकार ‘राष्ट्रीय आरोग्य लेखे’ नावाचा एक अहवाल काढतं. देशात एका वर्षात आरोग्यावर एकूण किती पैसा खर्च झाला आणि तो कोणी दिला, याचा तो जमाखर्च असतो. केंद्राने किती, राज्यांनी किती, विमा कंपन्यांमार्फत किती आणि लोकांनी थेट खिशातून किती. सप्टेंबर २०२४ मध्ये २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांचे लेखे एकदम आले. त्यानुसार २०२१-२२ मध्ये देशाचा आरोग्यावरचा एकूण खर्च होता ९ लाख ४ हजार ४६१ कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ३.८३ टक्के. यातला ४८ टक्के भाग सरकारांचा (केंद्र आणि राज्यं मिळून) आणि ३९.४ टक्के भाग लोकांच्या खिशातला. २०१३-१४ मध्ये हाच खिशाचा वाटा ६४.२ टक्के होता. पहिल्यांदाच सरकारचा वाटा लोकांच्या वाट्यापेक्षा इतका स्पष्टपणे पुढे गेला. बातमी चांगली आहे, त्यात वाद नाही.

पण ‘वाटा’ या शब्दावर जरा थांबा.

समजा तुम्ही आणि तुमचा श्रीमंत चुलत भाऊ कॅन्टीनमध्ये जाता. बिल होतं १०० रुपये. तुम्ही ६३ देता, बाकीचे बरेचसे तो. काही वर्षांनी तुम्ही पुन्हा जाता, बिल होतं १८७. यावेळी भाऊ जास्त देतो, तुम्ही देता ७४. तुमचा वाटा ६३ टक्क्यांवरून साधारण ३९ टक्क्यांवर घसरला! अभिनंदन. पण पाकिटातून गेले मात्र ११ रुपये जास्त.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. २०१४-१५ ते २०२१-२२ या सात वर्षांत देशाच्या आरोग्यखर्चाचं बिल बरोबर याच प्रमाणात फुगलं. २०१४-१५ मध्ये लोकांनी खिशातून घातले ३ लाख २ हजार ४२५ कोटी. वाटा ६२.६ टक्के. २०२१-२२ मध्ये घातले ३ लाख ५६ हजार २५४ कोटी. वाटा ३९.४ टक्के. माणशी बघितलं तर वर्षाला २,३९४ रुपयांवरून २,६०० रुपये.

आता इथे लगेच ‘बघा, फसवलं!’ असं ओरडून चालणार नाही. कारण मधल्या सात वर्षांत महागाईही वाढली. ग्राहक किमतींचा निर्देशांक या काळात साधारण ३७-३८ टक्क्यांनी चढला. २०१४-१५ चे २,३९४ रुपये म्हणजे २०२१-२२ चे जवळपास ३,३०० रुपये. म्हणजे महागाई वजा केली, तर माणशी खिशातला खर्च खरोखर कमी झालाय, सुमारे पाचव्या हिश्श्याने. ६४ वरून ३९ या उडीइतका नाही, पण कमी झालाय.

कमी झालाय म्हणजे, कागदावर तरी. आणि माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो.

कोणतं वर्ष, कोणता सर्व्हे

२०२१-२२ हे कोणतं वर्ष होतं, आठवतंय ना? एप्रिल २०२१ ते मार्च २०२२. म्हणजे दुसरी लाट. तुमच्यातले बरेच जण तेव्हा दहावी-बारावीत होते, परीक्षा रद्द झाल्या म्हणून अर्धे खूश आणि अर्धे हवालदिल. त्याच महिन्यांत रेमडेसिविरच्या एका इंजेक्शनसाठी पुण्यात नातेवाईक रांगा लावून उभे होते, लोक ऑक्सिजनचे सिलिंडर मिळेल त्या भावाने घेत होते, घरातले दागिने सोनाराकडे जात होते. आणि लेखे सांगतात की त्या वर्षी खिशातल्या खर्चाचा वाटा तोवरचा सर्वांत कमी होता.

हे कसं? एक कारण अगदी सरळ आहे. त्या वर्षी सरकारने खरोखर प्रचंड खर्च केला. फुकट लसीकरण, कोविड सेंटर, टेस्टिंग, ऑक्सिजन प्लांट. सरकारी आरोग्यखर्च आदल्या वर्षाच्या तुलनेत एका वर्षात तब्बल ३७ टक्क्यांनी वाढला. भावाने एवढं मोठं बिल भरलं की तुमचा वाटा आपोआप लहान दिसायला लागला.

दुसरं कारण तितकं सरळ नाही. सरकारने किती खर्च केला हे कळायला बजेटची कागदपत्रं असतात. विमा कंपन्यांचे हिशेब असतात. पण तुमच्या आजीने मेडिकलमध्ये जाऊन गुडघेदुखीच्या गोळ्यांवर किती पैसे दिले, हे कोण सांगणार? त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं. हे काम करतं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, ज्याला आपण एनएसएस म्हणतो (कॉलेजातलं कॅम्पवालं एनएसएस नव्हे). आरोग्यावरचा असा मोठा सर्व्हे दरवर्षी होत नाही. २०१४ मध्ये ७१वी फेरी झाली, मग जुलै २०१७ ते जून २०१८ मध्ये ७५वी. २०२१-२२ च्या लेख्यांतला खिशातला खर्च काढायला मुख्य आधार कोणता? हीच ७५वी फेरी. तिच्यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधलेला.

तारखा पुन्हा वाचा. सर्व्हे जून २०१८ मध्ये संपला. आयुष्मान भारत योजना सुरू झाली २३ सप्टेंबर २०१८ रोजी. कोविड आला २०२० मध्ये. म्हणजे ज्या आकड्याचं श्रेय आयुष्मान कार्डाला दिलं जातं, त्या आकड्यामागचा सर्व्हे कार्ड छापायच्या आधीचा आहे. आणि ज्या वर्षी लोकांनी सोनं विकून बेड मिळवले, त्या वर्षीचा ‘खिसा’ तीन-चार वर्षं आधीच्या उत्तरांवरून मोजलेला आहे. अहवाल बनवणाऱ्यांनी काही लपवलंय असं मी म्हणत नाही. त्यांच्या हातात तेवढंच होतं आणि पद्धत त्यांनी अहवालात छापलेली आहे. प्रॉब्लेम तिथून पुढे आहे. अहवालात जो ‘अंदाज’ असतो, तो भाषणात येईपर्यंत ‘पुरावा’ होतो.

आणखी एक गंमत. ७१व्या फेरीत, मागच्या पंधरा दिवसांत आजारी होतो असं सांगणारे लोक ग्रामीण भागात ८.९ टक्के होते आणि शहरात ११.८ टक्के. ७५व्या फेरीत ते झाले ६.८ आणि ९.१. चार वर्षांत देश एवढा ठणठणीत झाला? की प्रश्न विचारायची पद्धत, ऋतू, सर्व्हे करणाऱ्यांची घाई यातलं काही बदललं? अभ्यासकांमध्ये यावर बराच वाद झालाय. पण परिणाम उघड आहे. आजारी कमी, तर खर्चही कमी. जीडीपीच्या भाषेत बघितलं तर २०१४-१५ ते २०२१-२२ मध्ये लोकांचा खर्च २.४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आला, म्हणजे ०.९ने घटला. सरकारचा १.१३ वरून १.८४ वर गेला, म्हणजे ०.७ने वाढला. लोकांच्या खांद्यावरून जेवढं ओझं उतरलं तेवढं सरकारने उचललं, एवढ्यानेच हिशेब लागत नाही.

खर्च कमी म्हणजे तब्येत चांगली?

इथे केरळकडे बघायला हवं. आरोग्याच्या बाबतीत आपण ज्या राज्याचं नाव कायम घेतो, तिथे २०१९-२० मध्ये एकूण आरोग्यखर्चातला खिशाचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास होता. देशाच्या सरासरीपेक्षा खूप जास्त. आणि माणशी खर्चात केरळ मोठ्या राज्यांत सगळ्यात वर, बिहार त्याच्या कितीतरी खाली.

केरळी माणूस बिहारी माणसापेक्षा जास्त आजारी आहे का? नाही. तो जास्त जगतो, त्यामुळे बीपी-शुगरच्या गोळ्या जास्त वर्षं घेतो. त्याला जवळ डॉक्टर मिळतो, जायला रस्ता आहे, खिशात (बऱ्याचदा आखातातून आलेले) पैसे आहेत, म्हणून तो डॉक्टरकडे जातो. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाचा खर्च शून्य दिसतो. मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात एखादी बाई पोटात गाठ घेऊन दोन वर्षं शेतात राबत असेल, तर आरोग्य लेख्यांत तिची नोंद कुठेच नाही. त्यामुळे खर्चाचा आकडा एकटा बघितला की तो काहीच बोलत नाही. कोणी किती दिले याबरोबर कोणाला काय मिळालं, हे विचारावं लागतं.

उलट टोकाला अमेरिका. २०२३ मध्ये तिथे आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च झाले, जीडीपीच्या १७.६ टक्के. आपल्या ३.८३ पुढे हे भयंकर मोठं वाटतं. पण सरासरी आयुष्य? अनेक युरोपीय देशांपेक्षा कमी. तिथे पैसा कमी नाही, पण तो प्रचंड दरांत, विम्याच्या कागदपत्रांत आणि मध्यस्थांत मुरतो. एमएस करायला गेलेल्या तुमच्या सीनियरला विचारा, दात दुखला तर तो काय करतो. भारतात येईपर्यंत थांबतो.

अडीच टक्क्यांचं वचन

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. पंधराव्या वित्त आयोगानेही तेच सांगितलं. २०२१-२२ मध्ये आपण १.८४ वर होतो, तेही लसीकरणाच्या वर्षी. कोविडच्या आधी, २०१९-२० मध्ये, १.३५ वर होतो. त्या वर्षांत जीडीपीचीही एक चाल आहे. २०२०-२१ मध्ये अर्थव्यवस्था वाढायच्याऐवजी आकसली. खालचा आकडा लहान झाला की वरच्यात फारसं न घालताही टक्का वाढतो. त्यामुळे १.३५ वरून १.८४ ही सगळी चढण कायमची आहे असं धरून चालता येत नाही.

१.८४ आणि २.५ यांतलं अंतर छोटं वाटतं. पण २०२१-२२ च्या जीडीपीत ते मोजलं तर वर्षाला सुमारे दीड लाख कोटी रुपये होतात. तुलनेसाठी, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संपूर्ण आरोग्य मंत्रालयाला मिळाले होते ९९ हजार ८५९ कोटी, आणि अर्थसंकल्पाचा एकूण आकार होता ५०.६५ लाख कोटी. शंभरातले जेमतेम दोन रुपये. (पूर्ण चित्र यापेक्षा थोडं मोठं आहे, कारण आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि सरकारी खर्चातला मोठा भाग राज्यंच उचलतात. म्हणजे मोर्चा दिल्लीला नेण्याआधी एकदा मंत्रालयावर न्यायला हरकत नाही.)

ते सगळं कोटीत ऐकलं की डोकं सुन्न होतं, म्हणून रुपयांत सांगते. २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून तुमच्या आरोग्यावर खर्च केले वर्षाला ३,१६९ रुपये. दिवसाला साधारण ८ रुपये ७० पैसे. कॉलेजसमोरच्या टपरीवर यात कटिंग मिळते का बघा.

कार्ड आहे, पण गोळ्या?

आता योजनांकडे येऊ, कारण घरात आजारपण आलं की तुम्हालाच फोन येतो, ‘अरे, तुला ते ऑनलाइन समजतं ना, जरा बघ.’ महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. सुरुवातीला पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं आणि मर्यादा होती दीड लाख. जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांसाठी, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. केंद्राची आयुष्मान भारतही पाच लाखांची, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो. तुमच्या आजी-आजोबांचं कार्ड काढलं नसेल, तर हे वाचून झाल्यावर तेवढं काम करा. आधार लागतं.

पण या योजनांचं दार ॲडमिट झाल्यावरच उघडतं. तीही ठरावीक उपचारांसाठी, ठरावीक रुग्णालयांत. आणि घरात खरा पैसा जातो कुठे? महिन्याच्या गोळ्यांत, रक्ताच्या तपासण्यांत, सोनोग्राफीत, ‘पाचव्या दिवशी परत दाखवा’मध्ये, रुग्णालयापर्यंतच्या एसटीत आणि त्या दिवशी बुडालेल्या रोजात. हार्टचं ऑपरेशन योजनेत होतं, त्यानंतर आयुष्यभर लागणाऱ्या गोळ्या योजनेत नाहीत. कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या गेटसमोर उभे राहा आणि मेडिकलची दुकानं मोजा. आत सगळी औषधं मिळत असती, तर बाहेर एवढी दुकानं चालली असती?

७५व्या फेरीतलाच एक आकडा. एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५ रुपये. सात पट. फरक तर आहेच, पण मला पहिला आकडा जास्त खटकतो. सरकारी म्हणजे फुकट ना? मग हे साडेचार हजार कसले? बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांचे, बाहेरच्या लॅबचे.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. चांगला निर्णय. त्यानंतर दीड महिन्यात नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. (हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, वरच्या मोफत निर्णयात ते येत नव्हतं.) औषधं आणि माणसं अपुरी असल्याचे आरोप झाले, रुग्णालयाने औषधटंचाई नाकारली. मंत्री आले, चौकशी समिती आली. फी माफ करायला एक शासन निर्णय पुरतो. नर्सची रिकामी जागा भरायला, इन्क्युबेटर वाढवायला, औषधाचं टेंडर वेळेत काढायला दरवर्षी पैसा लागतो, आणि हा पैसा मथळ्यात येत नाही.

सिंधुदुर्गातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. सावंतवाडी-दोडामार्गचा गंभीर पेशंट ओरोसला नाही, बांबोळीला जातो, गोवा मेडिकल कॉलेजला. कारण तिथे डॉक्टर असतात. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं तेव्हा सिंधुदुर्गात केवढा संताप उसळला होता. गोव्याच्या बाजूनेही विचार करा. त्यांच्या करातून चालणाऱ्या रुग्णालयात शेजारच्या राज्याच्या न झालेल्या खर्चाची रांग लागत होती.

तुमची पंचविशी

आता जरा तुमच्या-माझ्याबद्दल. तुम्ही आत्ता बहुधा आई किंवा बाबांच्या मेडिक्लेममध्ये ‘अवलंबून असलेले मूल’ आहात. बहुतेक फॅमिली पॉलिसींत ही सोय साधारण पंचविसाव्या वर्षी संपते. नोकरीत कंपनीचा ग्रुप विमा मिळतो, पण नोकरी सुटली की तोही सुटतो. आणि डिलिव्हरी, कॅब, फ्रीलान्स कंटेंट यांत असाल तर ग्रुपच नाही. ७५व्या फेरीच्या वेळी ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरात १९ टक्के लोकांकडेच कुठल्या तरी प्रकारचं आरोग्यसंरक्षण होतं. तेव्हापासून संख्या वाढलीय, कारण योजना वाढल्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त चार वर्षं थांबायला लावू शकत होती, ती मर्यादा एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांवर आली. ज्येष्ठांचे हप्ते एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचे तर आधी नियामकाशी बोला, असं जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं. ‘सांगावं लागलं’ यातच आधी काय चाललं होतं ते आलं.

हे सगळं उपयोगाचं आहे, घ्या फायदा. पण विमा बिल कोण भरणार ते ठरवतो, बिल किती होणार ते नाही. ते ठरवायचं तर दरांवर कोणाची तरी नजर लागते. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते, बिलं तपासायला ऑडिटर बसवले होते. म्हणजे करता येतं. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार राज्यातल्या खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कुठल्या रुग्णालयात गेलात तर रिसेप्शनच्या आसपासच्या भिंतींवर ते शोधा. गणपतीचा फोटो आणि ‘कृपया शांतता राखा’ हमखास सापडेल. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटच्या मागणीवरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा कुठे या नियमांची पुन्हा आठवण निघाली.

इकॉनॉमीचा काय संबंध?

इकॉनॉमिक्सच्या पेपरात ‘मानवी भांडवल’ नावाचा धडा असतो. तो पाठ करून आपण पुढे जातो. तो धडा घरात कसा घडतो ते बघा. ७५व्या फेरीत ॲडमिट झालेल्यांच्या घरांना विचारलं होतं की पैसे कुठून आणले. ग्रामीण भागात बहुतेकांनी घरातलं उत्पन्न आणि बचत असं सांगितलं, आणि सुमारे १३ टक्क्यांनी कर्ज. बचत म्हटलं की बरं वाटतं. पण ती बचत कशासाठी होती? मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी, बोअरवेलसाठी, दुकानात माल भरण्यासाठी. रुग्णालयाच्या काउंटरवर गेलेले ४० हजार जीडीपीत आरोग्यसेवा म्हणून जमा होतात, आकडा वाढतो. न भरलेल्या फीची वजाबाकी कुठेच होत नाही. प्रा. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थानपासून आफ्रिकेपर्यंत हजारो कुटुंबं गरिबीत कशी घसरली याचा माग काढला, त्यात आजारपण आणि उपचाराचा खर्च हे पुन्हा पुन्हा येणारं प्रमुख कारण होतं. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘वन इलनेस अवे’ आहे.

थायलंड आपल्यापेक्षा श्रीमंत देश आहे, पण २००१-०२ मध्ये त्याने सगळ्यांसाठी आरोग्यसेवा आणली तेव्हा तो आशियातल्या मोठ्या आर्थिक संकटातून नुकताच उठत होता. एका भेटीला ३० बाट, त्यात तपासणी आणि औषधंही. आपल्याकडे ‘आधी विकास, मग आरोग्य’ असा क्रम सांगितला जातो. त्यांनी पैसे नसतानाच सुरुवात केली, आणि सुरुवात मोठ्या रुग्णालयांपासून न करता तालुक्याच्या पातळीवरच्या दवाखान्यापासून केली. आज तिथे खिशातल्या खर्चाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो.

जानेवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये एनएसएसची आरोग्यावरची ८०वी फेरी झाली. आयुष्मान आणि कोविड, दोन्हींनंतरचा हा पहिला एवढा मोठा सर्व्हे, आणि पुढचे लेखे त्याच्यावर उभे राहतील. त्याच्या बातम्या वाचाल तेव्हा मथळ्यातला टक्का बाजूला ठेवा आणि आत तीन गोष्टी शोधा: ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांवर लोकांनी किती रुपये घातले, सरकारी रुग्णालयातला तो साडेचार हजारांचा आकडा कुठे गेला, आणि पैसे कुठून आणले या प्रश्नाला किती घरांनी ‘कर्ज’ असं उत्तर दिलं.